कमावणं

घोरपडे मॅडम म्हणतात, पाला सावलीत वाळवा,
ऊन लागलं की त्यातलं काहीतरी उडून जातं.
म्हणून जिन्याखालच्या खोलीत
जुन्या वर्तमानपत्रांवर पसरलीय निर्गुडी,
जयंती नाल्याच्या काठावरनं तोडलेली,
पोतं मांडीवर घेऊन केएमटीनं आणलेली.
कंडक्टर म्हणाला, शेळ्या पाळल्यात व्हय?

मी हो म्हणाले.

मग भरड. मग काचेच्या नळीत
मेथेनॉल चढतं, उतरतं, पुन्हा चढतं.
आजाऱ्याच्या उशाशी बसल्यागत
मी रात्रभर त्याच्याजवळ.
सकाळी तळाशी उरतं
काकवीसारखं, हिरवंकाळं, चिकट,
पोतंभर पाल्याचं चमचाभर.
वहीत लिहिते: अर्क. तारीख. वजन.
वासासाठी रकाना नाही.

वास तर घरचाच.
सुभाषनगरातल्या आमच्या खोलीत दोन वास राहायचे.
एक आजाच्या हौदातला,
हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात
दिवसच्या दिवस मुरत पडलेलं कातडं.
झाडाचं पाणी पिऊन ते घट्ट होतं, सडत नाही,
त्याला कमावणं म्हणतात.
पैशाला तोच शब्द.
तालमीतल्या अंगालाही तोच.

दुसरा वास आईच्या हातांचा.
तव्यावर गरम केलेला निर्गुडीचा पाला
लुगड्याच्या चिंधीत बांधून
एकेका पेरावर.

चाळीस वर्षं वेण्या घातल्या तिनं.
केसांच्या नव्हे, चपलांच्या,
दोऱ्याएवढ्या बारीक वाद्या
ओढून, वळवून, दातांत धरून.
आता तिची बोटं करंगळीकडं कललीत,
सगळी एकाच बाजूला,
तिकडून कुणी हाक मारल्यासारखी.
सकाळी मूठ मिटत नाही.
चहाचा कप दोन तळव्यांत धरते
घरट्यातनं पडलेलं पिल्लू धरावं तसा.
सीपीआरची गोळी आठवड्यातनं एकदाच,
कॅलेंडरवर बुधवारांना पेनानं गोल.
सणावाराला कधी इतका मान नव्हता.

आमच्याकडं उंदराच्या मागच्या पंजात
सुईनं सूज भरतात.
पंजा पाऱ्यात बुडवायचा,
पारा किती चढला ते बघायचं, तासातासाला.
तिसऱ्या तासाला, अर्क पाजलेल्या उंदरांचा
पारा जरासा कमी चढतो.
मॅडम आलेख काढतात, चहा मागवतात.
उंदीर माझ्या हातमोज्यात धडधडतो,
मी आकडा दोनदा विसरते.

घरी येऊन म्हटलं, आई, तुझा पाला खरा निघाला.
म्हणजे, थोडा तरी.
म्हणजे, उंदरात.

ती वाद्यांचे तुकडे वेचत होती.
वर न बघता म्हणाली,
"त्या उंदराला इचारलंस का,
बरं वाटालंय का म्हणून?"

रकाना नव्हता त्यालाही.

रात्री तिनं गिऱ्हाइकाच्या मापाचा कागद काढला,
ज्यावर लोक पाय ठेवून उभे राहतात
आणि आपण गुडघ्यावर बसून पेन्सिल फिरवतो.
कागद पाटावर ठेवला, त्यावर उजवा हात,
"घे. पारा न्हाई माझ्याकडं. माप काढ."

मी पेन्सिल धरली.
अंगठ्यापासनं निघाले,
दोन बोटांच्या बेचक्यात शिरता येईना,
पेरांवरच्या गाठींना वळसा घालताना
रेघ थरथरली, माझी की तिची कळलं नाही.
तळहाताशी येऊन थांबले.
खाली तारीख घातली. नाव घातलं: शेवंता.
पुढच्या महिन्यात पुन्हा काढू म्हटलं,
कागदावर कागद ठेवून बघू.
ती हसली नाही, पण हात तिथंच ठेवला थोडा वेळ.

मग कागद दिव्यापुढं धरून
जुन्या सवयीनं न्याहाळला,
"काय वाकडं माप हाय गं.
ह्याचं जोड शिवायचं कुणी?"

आणि मी काही बोलायच्या आत,
"तवा ठीव."